चावी द्यायचं काम

जरा डोळे मीट, बाळ. आता असं समज, की तुझ्या हातात पत्र्याचा एक चपटा डबा आहे, ओंजळीत मावेल एवढा, झाकण एका कोपऱ्यात चेपलेलं. तो कानाशी धर. काही ऐकू येत नाही ना? तसाच धरून ठेव. आठ दिवसांपूर्वी याच डब्यातून आवाज येत होता, फार बारीक आणि फार घाईचा. तू सावकाश 'एक' म्हणेपर्यंत पाच ठोके. ज्या म्हाताऱ्याचा हा डबा आहे त्याला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून तो सकाळी उठल्यावर आधी हा आवाज शोधायचा, मग चपला. आता उघड डोळे. डबा आपण एका मुलीच्या हातात देऊ, कारण तो तिच्या आज्याचा आहे. तू आणि मी मात्र जाऊन बसणार आहोत दुसऱ्याच एका म्हाताऱ्याच्या मनात. तिथे बरीच अडगळ आहे, पण सरकून बसलो तर जागा होईल.

या म्हाताऱ्याचं नाव उकंडराव. कळंबला बसस्टँडच्या समोर, चिंतामणीच्या देवळाकडे रस्ता वळतो त्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर काचेची पेटी, वाकड्या मानेचा दिवा आणि मागच्या भिंतीवर अकरा घड्याळं, अकरा निरनिराळ्या वेळा दाखवणारी. नवीन गिऱ्हाईक त्या भिंतीकडे पाहून गोंधळतं. उकंडराव शाळेच्या पोरांना सांगतात, की यातली एकही वेळ खोटी नाही, कुठल्या ना कुठल्या देशात आत्ता तेवढेच वाजले असतील. मग पोरं जपान, अमेरिका, दुबई असं ओरडत बसतात. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दोन-चार जण टेबलाला येऊन चिकटतातच. उकंडराव त्यांच्या हाती भिंग देतात, एखादं उघडं यंत्र पुढे सरकवतात आणि कुठलं चाक कुठल्या चाकाला ढकलतं ते शोधायला लावतात. कुणी चुकलं तर चुकलास म्हणत नाहीत. 'पुन्हा पाय,' एवढंच म्हणतात. म्हणून त्या शनिवारी निळ्या ड्रेसातली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी मान वर न करताच भिंग पुढे केलं. मुलीनं भिंग घेतलं नाही. तिनं डबा ठेवला, झाकण उघडलं आणि आतला पांढराशुभ्र कापूस दोन बोटांनी बाजूला केला. कापसाच्या मधोमध घड्याळ होतं. जुनं, चावीचं, स्टीलचं. डायल पिवळी पडलेली, काचेला बाराच्या बाजूनं तडा.

उकंडरावांनी ते उचललं. चावी फिरवून पाहिली, ती फिरेना. पूर्ण भरलेली होती. कानाला लावलं. आत काही नव्हतं. मग त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, "बेटा, याच्यात आता काई अर्थ नाई. याच्या सर्व्हिसिंगच्या पैशात नव्या दोन येतीन. सेलवाली घ्या एखादी, वर्षभर पाहाचं काम नाई." हे वाक्य गेली दोन वर्षं ते म्हणत आले होते. शेतकऱ्यांना म्हटलं होतं, रिटायर झालेल्या मास्तरांना म्हटलं होतं, बापाचं घड्याळ घेऊन आलेल्या एका डॉक्टरलाही. लोक मान हलवायचे, घड्याळ खिशात टाकायचे, जायचे. वाक्य बरोबरच होतं. स्वस्तातलं घड्याळ, सुटे भाग मिळत नाहीत, मिळाले तर दुसरं घड्याळ मोडून काढावे लागतात. शेजारच्या टपरीत मोबाइलची कव्हरं आणि सेलची घड्याळं विकणारा रवी लगेच ओरडला, "इकडं ये व बेटा! हे पाय, लाइटवाली हाय. अंधारातबी दिसते." मुलगी तिकडे गेली नाही. तिनं उकंडरावांनाच विचारलं, "सेलच्या घडीले चावी द्या लागते का, आबाजी?"

"नाई व. तेच तर सुख हाय."

"मंग माया आज्यानं सकाळी काय करायचं?"

तुला वाटेल, एवढंसं वाक्य, त्यात काय. उकंडरावांनाही आधी तसंच वाटलं. त्यांनी दिव्याचं बटण उगाच दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. पण जिना उतरताना खाली अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीनच लागावी, तसं काहीतरी त्यांच्या छातीत झालं. मुलगी सांगत होती. तिचं नाव वर्षा, सहावीत आहे, तांडा रस्त्याला लागून आहे, याडी, म्हणजे तिची आई, बँकेत केवायसीच्या रांगेत उभी आहे, तोपर्यंत तिला वेळ आहे. आज्याचे दोन्ही डोळे गेले. आधी तो बैलांचं पाहायचा, मग बैल बादलकाकाकडे गेले. मग पाणी भरायचा, तर नळ आला. मग तो अंगणात सोयाबीन राखत बसायचा, पण दिसेना तेव्हा बकऱ्या समोरून खाऊन जायच्या. "आता त्याच्याकडं घडीले चावी द्यायचं, एवढंच एक काम हाय. याडी चहा ठेवते तवा तो चावी देते. पंचवीस वेळा, मोजून. कोणाले हात लावू देत नाई. आठ दिस झाले बंद पडली, तवापासून सकाळी उठते अन् भिताडाकडं तोंड करून बसते. आजी म्हणते, बुढा रुसला. पण तो रुसला नाई, आबाजी. त्याले करायले काई नाई."

शेवटचं वाक्य ती अगदी साधेपणानं बोलली, पाढा म्हणावा तसं. उकंडरावांना आपलं घर दिसलं. सकाळी ते दूध आणायला निघाले तर दूध दारात आलेलं असायचं. विजेचं बिल भरायची रांग त्यांना आवडायची, तिथे ओळखीची माणसं भेटायची. आता ते मुलगा पुण्याहून मोबाइलवर भरतो. मैनाबाई, त्यांची बायको, काल पोळ्या करता करता म्हणाल्या होत्या, "तुमी दुकानात जा बापा लवकर, घरात मांजरावाणी पायात येता." त्या हसल्या होत्या, तेही हसले होते, आणि जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडताना फाटकाची कडी त्यांनी दोनदा लावून पाहिली होती. फाटक लावायचं काम त्यांचं होतं. ते दुसऱ्या कुणी केलेलं त्यांना चालत नसे. हे आजपर्यंत आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. "आज्याचं नाव काय हाय तुया?" त्यांनी विचारलं. "धावजी," ती म्हणाली.

धावजी. ते नाव ऐकल्यावर उकंडरावांनी घड्याळ उलटं केलं आणि मागच्या झाकणाच्या फटीत सुरीचं टोक घातलं. नुसतं पाहू या, दुरुस्त करायचं नाही, असं त्यांनी मनाशी बजावलं. झाकण टक्‌ करून निघालं. आतल्या बाजूला, नखाएवढ्या जागेत, सुईनं कोरलेली अक्षरं होती. 'उ' आणि सालं. अठ्ठ्याण्णव. दोन. सहा. तेरा. दुरुस्ती करणारे लोक अशी खूण करून ठेवतात, पुढच्या वेळी कळावं म्हणून. चारही वेळा अक्षर त्यांचंच होतं, ज्वारीच्या दाण्याहून लहान, पण शिरोरेषा सरळ, 'उ'ची शेपटी वळणदार. उकंडराव बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात टेबलाखाली घेतला. हात थरथरत होता. जास्त नाही, पिंपळाचं पान वारा नसतानाही हलतं तेवढाच. दोन वर्षांपूर्वी बँकेतल्या एका जुन्या क्लार्कचं घड्याळ त्यांनी उघडलं होतं आणि त्यातली बालकमानी, म्हणजे केसाहून बारीक अशी जी गुंडाळी असते, जिच्या उलगडण्या-मिटण्यावर सगळं घड्याळ श्वास घेतं, ती त्यांच्या चिमट्यात वाकडी झाली होती. क्लार्क भला माणूस. "राहू द्या काकाजी, जुनीच होती," म्हणाला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी ते वाक्य शोधून काढलं, याच्यात आता काही अर्थ नाही. आणि ते इतक्यांदा म्हटलं, की ते आपण नेमकं कशाबद्दल म्हणतो हे विचारायचं राहूनच गेलं.

अठ्ठ्याण्णवचा धावजी त्यांना आठवला. लाल पागोटं, भरघोस मिशा, दुकानाच्या बाकावर पाय वर घेऊन बसलेला. घड्याळ ठेवून जा, संध्याकाळी न्या, असं म्हटलं तर म्हणाला होता, "लेकरू दवाखान्यात टाकून मी घरी जाऊ का, मिस्त्री?" आणि तीन तास हलला नव्हता. त्याचा पणजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख हिंडायचा. बैलाची सावली बैलाच्याच पोटाखाली आली की मुक्काम, असं त्यांचं घड्याळ होतं, हे त्यानंच सांगितलं होतं. बोलता बोलता त्याची नजर पाटीवर गेली. पाटीवर 'यू. एम. वॉच रिपेअर' असं लिहिलेलं. "यू म्हंजे काय?" उकंडराव तेव्हा पस्तिशीचे, लाजले. नाव त्यांना आवडत नसे. मारेगावात, त्यांच्या गावी, त्यांच्या आधी आईची तीन लेकरं जगली नव्हती. म्हणून चौथं झाल्यावर तिनं ते घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, म्हणजे टाकाऊ समजून मरण त्याच्याकडे पाहणार नाही. शेजारच्या तानाबाईनं ते उचललं आणि आईनं सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेतलं. त्यावरून नाव उकंडा. शाळेत पोरं चिडवायची, हा सूपभर जवारीचा. तानाबाई मात्र म्हातारी होईपर्यंत पोळ्याच्या दिवशी यायची, गाल कुस्करायची आणि आईला म्हणायची, "लय स्वस्तात इकलं व मी, मैने, अजून थोडी मांगाले पायजे होती." नाही, नाही. मैना तर बायकोचं नाव. आईला ती 'बाई' म्हणायची. आठवणी अशा एकमेकींच्या जागी जाऊन बसतात. तर धावजीला त्यांनी हळूच सांगितलं, यू म्हणजे उकंडा. आणि धावजी मोठ्यानं हसून म्हणाला होता, "आरं, मंग लपवतं कायले? हे तं लय लाडाचं नाव हाय. ज्याच्यासाठी आईनं एवढा खटाटोप केला तो का सस्ता माणूस?"

उकंडरावांनी भिंग डोळ्याला लावलं. यंत्रावर काहीतरी पांढरं होतं. आधी वाटलं बुरशी, पावसाळ्यात धरते तशी. मग दिवा जवळ ओढला. बुरशी नव्हती. एक तंतू होता, लांब, मऊ, चमकदार. तो चावीच्या दांडीपासून आत शिरला होता, एका चाकाच्या दातांतून निघाला होता आणि बालकमानीच्या वेटोळ्यांत जाऊन गुंतला होता. त्याच्या मागे दुसरा, तिसरा. जिथे तेलाचा थेंब असायला हवा तिथे तंतूनं तो पिऊन टाकला होता. कोरडी पडलेली चाकं जागच्या जागी थांबली होती. तुटलेलं काहीच नव्हतं. त्यांनी भिंग काढून डब्यात पाहिलं. "हा कापूस कोणं ठेवला व?"

"आजीनं," वर्षा म्हणाली. "हंसाबाईनं. दरवर्षी ठेवते. कापसाच्या पहिल्या वेच्याले सीतादहीची पूजा करतो ना आमी वावरात, दहीभात ठेवून, त्या दिवशीची पहिली मूठ आजी कोणाले देत नाई. अर्धी देवाच्या वातीले, अर्धी आज्याच्या घडीले. म्हणते, बुढ्याची घडी गादीवर झोपली पायजे."

"अन् घडी डब्यात कवा राह्यते?"

"पयले रातच्याले राहे. दिवसा आज्याच्या हातात राहे ना. आता त्याले दिसत नाई तं दिवसभर डब्यातच."

म्हणजे असं होतं. शेतातल्या सगळ्या कापसात जो सगळ्यात चांगला, ज्याला पानाचा कण लागलेला नाही, जो व्यापाऱ्याच्या गाडीत जायच्या आधी देवासमोर जातो, तो एका बाईनं नवऱ्याच्या घड्याळाखाली अंथरला होता, वर्षामागून वर्ष. आणि त्या मऊ गादीनंच एकेक तंतू आत सोडून घड्याळाचा श्वास कोंडला होता. उकंडरावांनी घड्याळं पाण्यानं मेलेली पाहिली होती, धुळीनं, घामानं, आपटल्यानं. अशी मायेनं बंद पडलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी भिंग वर्षाला दिलं. "पाय." तिनं एक डोळा मिटून पाहिलं. त्यांनी काही सांगितलं नाही. मुलांना आधी सांगून टाकायचं नाही, ही त्यांची सवय. ती बराच वेळ पाहत राहिली. मग भिंग खाली न घेताच म्हणाली, "हा तं आपला कापूस हाय." आणि थोड्या वेळानं, आवाज उतरून, "म्हंजे आजीमुळं बंद पडली?"

खोटं बोलावं का, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण भिंगातून पाहिलेल्या मुलीला खोटं कसं सांगणार? "हाव," ते म्हणाले, "कापसानं बंद पडली." तिच्या चेहऱ्यावर त्यांना हंसाबाई दिसली, जिला त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. दिसलं की हे कळल्यावर ती बाई काही बोलणार नाही, पुढच्या साली नुसती मूठभर कापूस घेऊन दारात उभी राहील आणि तो कुठे ठेवावा ते तिला सुचणार नाही. एका म्हाताऱ्याचं काम परत द्यायचं तर एका म्हातारीचं काढून घ्यायचं. वा रे न्याय. आणि शिवाय घड्याळ सुरू तरी कोण करणार? नुसता तंतू ओढून भागणार नव्हतं; सगळं उकलून, धुऊन, तेल देऊन पुन्हा बसवावं लागणार. ते गेल्या दोन वर्षांत त्यांनी केलं नव्हतं. डबा बंद करून तिच्या हातात द्यावा, असं त्यांच्या मनात आलं. वाक्यही ओठाशी आलं. पण ते वाक्य आता भिंतीवरल्या बंद घड्याळासारखं झालं होतं, दिसायला वेळ दाखवणारं.

"बस त्या स्टुलावर," ते म्हणाले.

रवी टपरीतून मान काढून पाहत होता. "काकाजी, कायले त्या डबड्याच्या नादी लागून राह्यले? अर्धा दिवस जाईन."

"माया हाय ना दिवस," उकंडराव म्हणाले. "तुले काय करायचं?"

"मले काय बापा. जेवाले या म्हणजे झालं, नाई तं काकूचा फोन मलेच येते."

स्क्रू काढेपर्यंत हात ठीक चालला. स्क्रू धीट असतात, थोडा धक्का लागला तर रागावत नाहीत. त्यांनी एकेक पितळी पट्टी काढली, बशीत ठेवली आणि प्रत्येकीचं काम वर्षाला सांगत गेले. ही कमान, हिच्यात तुझ्या आज्याचे पंचवीस फेरे साठतात. हे चाक ते फेरे थोडे थोडे करून खर्च करतं. आणि हा पुढचा छोटा काटेरी शिपाई, हा 'थांब, जा, थांब, जा' म्हणतो, तोच तुला ऐकू येतो. मग बालकमानी आली. ती आपल्या छोट्या चाकासह त्यांच्या चिमट्याला लोंबत होती आणि तंतू तिच्या वेटोळ्यांतून बाहेर डोकावत होता. उकंडरावांनी दुसरा चिमटा उचलला. टोक तंतूजवळ गेलं आणि हललं. पुन्हा नेलं, पुन्हा हललं. क्लार्कचं घड्याळ त्यांच्या कपाळात ठोके देऊ लागलं. यवतमाळला त्यांच्या उस्तादांनी पहिले सहा महिने त्यांना हत्याराला हात लावू दिला नव्हता, नुसतं ऐकायला बसवलं होतं. आणि हत्यार दिलं तेव्हा एकच सांगितलं होतं, पहले साँस छोड़, फिर हाथ चला. त्यांनी श्वास सोडला. हात तरी हललाच. श्वास जुना झाला होता की हात, कोण जाणे. त्यांनी चिमटा खाली ठेवला. वर्षाच्या ते लक्षात आलं होतं. ती त्यांच्या हाताकडे पाहत नव्हती. मुद्दाम दुसरीकडे पाहत होती, जसं मोठ्या माणसाचं धोतर सुटलं तर शहाणी पोरं पाहतात.

"तू वेचाले जातं का व?" त्यांनी विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी जातो ना याडीसंगं."

"बोंडातून कापूस कसा काढतं? दाखव बरं."

तिनं हवेत बोटं नेली. तीन बोटं, टोकाला जुळलेली. आत गेली, थांबली, आणि ओढण्याऐवजी जणू कापसानंच सोडून दिलं म्हणून बाहेर आली. "झटका नाई द्याचा," ती म्हणाली. "झटका देल्ला तं वाळलेलं पान चिकटते. मंग व्यापारी भाव पाडते."

उकंडराव हसू लागले. शिकवायला बसलेल्या माणसाला असं मध्येच शिकायला मिळालं की त्यांना फार बरं वाटे. त्यांनी चिमटा तिच्या हातात दिला आणि बालकमानी धरलेला आपला डावा हात टेबलाच्या कडेला टेकवून घट्ट केला. डावा कमी हलायचा. "हे बोंड समज. श्वास सोडाचा, मंग बोटं न्याची. कमानीले शिवाचं नाई. जमलं नाई तं पुन्हा पाय." तिनं भिंग डोळ्याला लावलं. दोघांनी मिळून श्वास सोडला. रस्त्यावरून बस गेली, दुकानातल्या काचा थरथरल्या, ती थांबून राहिली. मग पुन्हा श्वास सोडला. भिंग तिच्याकडे होतं, त्याशिवाय उकंडरावांना काहीच दिसत नव्हतं. फक्त तिची बोटं जरा मागे येताना दिसली, आणि त्या मागे येण्यात झटका नव्हता. चिमट्याच्या टोकाला एक तंतू उन्हात हलत होता. "एक," ती म्हणाली. पुढचे दोन तिनं न विचारता काढले.

पुढचं सगळं उकंडरावांनी केलं. पेट्रोलमध्ये चाकं धुतली, ब्लोअरनं सुकवली, सुईच्या टोकानं तेल दिलं, चाकांची टोकं ज्यात फिरतात त्या एकेका खड्याला दिसेल न दिसेल एवढं. हात हलत होता, पण आता त्यांनी त्याला टेबलाखाली लपवलं नाही. हलू दिलं, आणि तो ज्या क्षणी थांबायचा तो क्षण पकडायला शिकले. मिनिटात शंभर वेळा हलणारा हात शंभर वेळा थांबतोही, हे त्यांना त्रेसष्टाव्या वर्षी कळत होतं. रवीनं मध्ये दोन चहा आणून ठेवले आणि उभा राहून पाहत राहिला. अडीच वाजता त्यांनी चावीला चार फेरे दिले. छोटं चाक एकदा लाजल्यासारखं हललं, आणि मग निघालंच. वर्षानं घड्याळ कानाला लावलं. तिचे डोळे मोठे झाले; मग तिनं ते उकंडरावांच्या कानाला लावलं, मग रवीच्या. "मायबीन," रवी म्हणाला, "घोड्यावाणी पळून राह्यली!"

झाकण लावायच्या आधी उकंडरावांनी सुई घेतली आणि जुन्या सालांच्या खाली नवीन साल कोरलं. अक्षर वाकडं आलं. 'उ'ची शेपटी कुठल्या कुठे गेली. त्याशेजारी त्यांनी अजून एक अक्षर काढलं, 'व', तेही वाकडंच. वर्षानं ते पाहिलं आणि तिचे कान लाल झाले. मग तिनं दप्तरातून रुमालात बांधलेले पैसे काढले. "किती झाले, आबाजी?"

उकंडराव डब्याकडे पाहत होते. त्यांना सुपातली ज्वारी दिसत होती, जी त्यांनी कधी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती. "पैसे नको," ते म्हणाले. "हा कापूस ठेवून जा. अन् आजीले सांग, मिस्त्रीनं कापूस मांगून घेतला. म्हणाव, असा कापूस त्याले बाजारात भेटत नाई. दरवर्षी पहिल्या वेच्याची अर्धी मूठ देवाची, अन् अर्धी माही. घडीचा हक्क आता माया झाला. सांगशीन?"

वर्षानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. सहावीतली मुलं किती समजतात आणि किती समजल्याचं दाखवतात, यात फरक असतो. "सांगीन," ती म्हणाली. "अन् मी सोता आणून दीन." तिनं कापूस काढून टेबलावर ठेवला, पुन्हा पुन्हा डबा झटकला, फुंकर मारली. उकंडरावांनी घड्याळं पुसायचा मऊ पिवळा कपडा चौकोनी कापून तळाशी घातला. "आता बाकीची चावी तूच भर," ते म्हणाले. "एकवीस राह्यले."

तिनं दोन बोटांत चावी धरली. फिरवायला गेली, आणि थांबली. बोटं काढून घेतली.

"घरी जाईपर्यंत बंद पडन का?"

"चारच फेरे देल्ले. पडन. दिवे लागाच्या आंधी."

"मंग बरं," ती म्हणाली. "हे आज्याचं काम हाय."

बाहेरून तिची आई बबिता हाका मारत आली, "चाल व वर्षा, बस लागली!" वर्षा डबा छातीशी धरून धावली. उकंडराव दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. बस सुरू झालेली, खिडकीशी वर्षा बसलेली, डबा कानाला. बबितानं काहीतरी विचारलं. वर्षानं डबा आणखी घट्ट दाबला, बराच वेळ ऐकलं आणि पाहुणा अजून उठत नाही म्हणून कंटाळल्यासारखं तोंड करून म्हणाली, "चालूच हाय अजून." बस वळली तरी तिनं डबा कानावरून काढला नव्हता. ती घड्याळ थांबायची वाट पाहत होती.